प्रसूतिस्थान : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर

स्त्रीची प्रसूती घरी होते की रुग्णालयात, हे कोणत्या कारणांनी ठरते आणि ती कारणे कालानुसार कशी बदलत गेली, हा सार्वजनिक आरोग्य, लोकसंख्याशास्त्र व सामाजिक इतिहास या तिन्ही शास्त्रांचा अभ्यासविषय आहे. ठाणे, कल्याण व डोंबिवली ही शहरे आणि त्यांच्या पाठीशी असलेले भिवंडी, अंबरनाथ, मुरबाड व शहापूर हे तालुके या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहेत. अतिदक्षता विभाग असलेली खाजगी रुग्णालये आणि पावसाळ्यात धड पायवाटही न उरणारे पाडे ही दोन्ही टोके येथे एकाच जिल्ह्यात आढळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांनुसार महाराष्ट्रात रुग्णालये वा अन्य आरोग्यसंस्थांत होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये सु. ६५ टक्के, २०१५-१६ मध्ये सु. ९० टक्के आणि २०१९-२१ मध्ये सु. ९५ टक्के होते. हा बदल शिक्षणप्रसार व आधुनिक वैद्यकावरील विश्वास यांमुळे झाला, असे सामान्यतः सांगितले जाते. या परिसराचा इतिहास पाहता ते स्पष्टीकरण अपुरे वाटते. येथील स्त्रिया रुग्णालयाकडे वळल्या, त्या बऱ्याच अंशी त्यांचे घर बदलले म्हणून. आणि ज्यांना तिकडे वळता आले नाही, त्यांच्या आड अज्ञानापेक्षा रस्ता, मजुरी व घरातील मनुष्यबळ हीच अधिक आली.

जुनी गृहप्रसूती : एकोणिसाव्या शतकात ठाणे जिल्ह्यात बाळंतपण ही सर्वस्वी घरातील बायकांची बाब होती. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर मालेतील ठाणे जिल्ह्याचा खंड १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जातवार रीतिभाती नोंदविताना जन्मविधींनाही जागा दिलेली आहे. तपशिलात जातीजातींत भेद असला, तरी ब्राह्मण, प्रभू, आगरी, कोळी, कुणबी अशा समाजांत एकूण व्यवस्था बरीचशी सारखी होती. पहिले बाळंतपण माहेरी करावयाचे. सातव्या महिन्याच्या आसपास मुलीला आणावयाचे. दिवस भरले की माजघराच्या आतली, वारा न लागणारी खोली मोकळी करून तेथे बाज टाकावयाची. कळा सुरू झाल्या की सुईणीला बोलावणे जाई. तिने पोट चोळावे, धीर द्यावा, मूल घ्यावे, नाळ कापावी आणि वार पडल्यावर ती पुरावी, अशी रीत होती. नाळ कापण्यासाठी विळा, पाते किंवा घरात जे धारदार असेल ते वापरीत. त्यापुढील दहा दिवस सोयर. पाचव्या रात्री पाचवीचे पूजन व सटवाईचे जागरण. बाराव्या दिवशी बारसे. आणि सव्वा महिना शेक-शेगडी, धुरी, बाळंतकाढा, डिंकाचे व अळिवाचे लाडू असा क्रम असे. सुईणीला लुगडे वा चोळी, नारळ आणि धान्य मिळे.

या व्यवस्थेकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहणे योग्य नाही. तिच्यात श्रमाची एक पक्की वाटणी होती. पहिलटकरणीच्या उशाशी तिची आई, मावशी, काकू असत. थोरल्या मुलांना सांभाळणारे हात घरात असत. बाळंतिणीला दीड-दोन महिने स्वयंपाक व पाणी भरणे या कामांतून सक्तीची सुटी मिळे. सोयरामुळे तिला अस्पर्श मानले जाई हे खरे. परंतु त्याच सोयराने तिची विश्रांतीही राखली. घरची प्रसूती टिकून राहण्याचे मुख्य कारण हेच होते. परपुरुष डॉक्टरासमोर अंग उघडे करण्याची लाज आणि रुग्णालय हे मरणाचे ठिकाण होय ही समजूत, ही दोन कारणे त्यात भर घालीत.

तिची दुसरी बाजू मात्र भयानक होती. अस्वच्छ पात्याने कापलेल्या नाळेवर राख वा शेण लावल्याने अर्भकाला धनुर्वात होई आणि पाचव्या ते आठव्या दिवसांच्या सुमारास ते दगावे. पाचवीच्या रात्री सटवाईची मनधरणी करण्याची प्रथा नेमक्या याच दिवसांवर पडते, हा योगायोग नसावा. सुईणीच्या हातांवाटे सूतिकाज्वर पसरे. मूल आडवे आले, वार अडकली किंवा रक्तस्राव थांबेना, तर सुईणीपाशी उपाय नसे. ‘बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म’ ही मराठीतील म्हण याच अनुभवातून आलेली आहे. भोर समितीने १९४६ मध्ये सादर केलेल्या अहवालात भारतातील मातामृत्यूंचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे सु. २० असे अंदाजिले होते; म्हणजे पन्नास बाळंतपणांमागे एक आई जात होती.

येथे हेही नमूद केले पाहिजे, की त्या काळी रुग्णालय घरापेक्षा सुरक्षित होतेच असे नाही. व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात डॉक्टरांचा वावर असलेल्या विभागात सूतिकाज्वराने मरणाऱ्या स्त्रिया सुईणींच्या विभागातील स्त्रियांहून कितीतरी अधिक होत्या. इग्नाट्‌स झेमेलव्हाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरिनयुक्त पाण्याने हात धुण्यास लावताच तेथील मृत्यू झपाट्याने उतरले. रुग्णालयाचे श्रेष्ठत्व निर्जंतुकीकरण, रक्तसंक्रमण, सुरक्षित भूल व प्रतिजैविके यांमुळे सिद्ध झाले, आणि यांपैकी शेवटची साधने विसाव्या शतकाच्या मध्यास सार्वत्रिक झाली. त्यापूर्वी रुग्णालयाविषयी साशंक असणाऱ्या स्त्रिया अडाणी होत्या असे म्हणता येत नाही.

स्त्री-डॉक्टर व मुंबईची प्रसूतिगृहे : या प्रश्नाचा कल्याणशी एक जिव्हाळ्याचा संबंध आहे. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना, म्हणजेच विवाहानंतरच्या डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–८७), चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचे मूल दहाच दिवस जगले. वैद्यकीय मदतीअभावी घडलेला हा मृत्यू त्यांच्या शिक्षणाच्या निश्चयामागील एक कारण मानला जातो. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून त्या १८८६ मध्ये पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिविद्या हा होता. मायदेशी परतल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यामुळे त्यांच्या हातून कल्याणच्या एकाही स्त्रीची सुटका होऊ शकली नाही. तथापि, स्त्री-डॉक्टर ही कल्पना महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली ती त्यांच्यामुळेच.

मुंबईत याच दशकात परिस्थिती पालटू लागली होती. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात १८८३ पासून स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले कामा रुग्णालय १८८६ मध्ये उघडले. स्त्रिया व मुले यांच्यासाठीच असलेल्या या रुग्णालयाची सूत्रे इंग्लंडहून आलेल्या डॉ. इडिथ पीची यांच्याकडे होती. पडद्याची व लाजेची अडचण स्त्री-डॉक्टरांनी दूर होईल, ही त्यामागील दृष्टी. लेडी डफरीन यांच्या नावाचा निधी १८८५ मध्ये स्थापन झाला, तर सुईणींच्या प्रशिक्षणासाठी १९०३ मध्ये व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी उभारण्यात आला. पारशी समाजात बाळंतिणीला तळमजल्यावरील अंधाऱ्या, दमट खोलीत ठेवण्याची चाल होती. डॉ. तेमुलजी भिकाजी नरीमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या समाजासाठी स्वतंत्र प्रसूतिगृह उभारले, आणि बाळंतपण घराबाहेर करण्यास प्रतिष्ठित कुटुंबेही तयार होऊ शकतात, हे त्यामुळे दिसून आले. परळ येथील नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ मध्ये गिरणगावाच्या मध्यभागी सुरू झाले.

या संस्थांचा लाभ ठाणे-कल्याणपर्यंत पोहोचण्याचे साधन रेल्वे हे होते. बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किमी.ची गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढील वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. मुंबईत नोकरी करणाऱ्याच्या पत्नीचे नाव मुंबईतील रुग्णालयात नोंदवावयाचे आणि दिवस भरत आले की तिला तेथील नातलगाकडे नेऊन ठेवावयाचे, असा मार्ग मध्यमवर्गीय कुटुंबांना मोकळा झाला. मुरबाड तालुक्यात मात्र लोहमार्ग गेला नाही. तेथील अडलेल्या बाळंतिणीला बैलगाडीने, पुढे एस्‌टीने वा जीपने कल्याण गाठावे लागे. प्रसूतिस्थानाच्या निवडीत वाहतुकीचा वाटा किती मोठा असतो, हे या दोन रेषांतील फरकावरून समजते.

घराचे आकुंचन : या परिसरात गृहप्रसूती मागे पडण्याचे निर्णायक कारण मात्र १९४७ नंतरच्या काळात सापडते. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सु. एक लाख सिंधी निर्वासितांची सोय करण्यात आली व १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकीतील पडद्याने विभागलेल्या जागेत वारा न लागणारी बाळंतिणीची खोली असणे शक्य नव्हते. शिवाय माहेरही बहुधा त्याच छावणीत, तितक्याच अडचणीत होते. गाव सुटले तेव्हा गावची दाईही सुटली. अशा वस्तीत सरकारी दवाखाना हा परंपरेला पर्याय म्हणून आला नाही. तेथे परंपरा चालविण्यास लागणारी जागाच उरली नव्हती.

हीच प्रक्रिया, अधिक सावकाश, डोंबिवली व ठाणे येथील चाळींत घडली. गिरगाव, दादर व परळ येथील जागा अपुऱ्या पडू लागल्यावर मराठी मध्यमवर्ग १९५० नंतर मोठ्या संख्येने डोंबिवलीस आला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) वागळे इस्टेट, डोंबिवली व अंबरनाथ येथील कारखानदारीने कोकण, घाट व देशावरून कामगार आणले. दहा बाय बाराची एक खोली, सार्वजनिक नळ व संडास, भिंतीपलीकडे शेजारी, सकाळी सातच्या लोकलने जाणारा नवरा आणि सासू गावी, अशा घरात कळा सुरू झालेल्या स्त्रीपाशी बसणारे कोणीच नसे. पूर्वी ज्या सोयीसाठी घर निवडले जाई, त्याच सोयीसाठी आता प्रसूतिगृह निवडले जाऊ लागले. दोन-चार दिवसांची खाट, गरम पाणी, दिवसरात्र हाकेला ओ देणारी परिचारिका या गोष्टी शस्त्रक्रियेच्या सोयीइतक्याच महत्त्वाच्या होत्या. डोंबिवलीच्या रामनगर-टिळकनगर भागांत व ठाण्याच्या नौपाड्यात इमारतींच्या पहिल्या मजल्यांवर दहा-वीस खाटांची जी खाजगी प्रसूतिगृहे निघाली, ती याच गरजेतून. अशा संस्थांची नोंदणी मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमानुसार (१९४९) होत असे. ती पुष्कळदा पतिपत्नी डॉक्टर चालवीत. कुटुंबातील दोन पिढ्यांची बाळंतपणे एकाच डॉक्टरीणबाईंच्या हातून झाल्याची उदाहरणे या शहरांत विपुल आहेत.

संघटित कामगारांना आणखी एक ओढ होती. मुंबई मातृत्वलाभ अधिनियम १९२९ मध्ये झाला. तो भारतातील अशा प्रकारचा पहिला कायदा होय. कर्मचारी राज्य विमा अधिनियम (१९४८) व केंद्रीय मातृत्वलाभ अधिनियम (१९६१) यांमुळे कामगार स्त्रीला सवेतन रजा मिळाली. विमा योजनेखालील रुग्णालये, कल्याणचे रेल्वे रुग्णालय आणि अंबरनाथच्या आयुध निर्माणीची वैद्यकीय व्यवस्था यांनी नोकरी व प्रसूती यांची सांगड घातली. नोकरीबरोबर रुग्णालयही मिळाले. ज्यांची नोकरी कागदावर नव्हती, त्या बांधकाम मजूर, घरकामगार व यंत्रमागांवरील कुटुंबांना यातले काहीच मिळाले नाही. त्यांच्यासाठी महापालिका व शासकीय रुग्णालये हाच आधार होता. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण महानगरपालिका (आजची कल्याण-डोंबिवली) १९८३ मध्ये स्थापन झाली. ठाण्याचे विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय व उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय ही नावे या परिसरातील असंख्य जन्मदाखल्यांवर आढळतात.

ग्रामीण व आदिवासी भाग : जिल्हा परिषदा १९६२ मध्ये अस्तित्वात आल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे यांचे जाळे विणले गेले. ठरलेल्या मानकानुसार सपाट प्रदेशात ५,००० व आदिवासी-डोंगराळ प्रदेशात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे लागते. उपकेंद्रातील परिचारिका-प्रसविका हीच खेड्यातील स्त्रीला भेटणारी पहिली शिक्षित सुईण. तिला लसीकरण, कुटुंबनियोजनाचे लक्ष्य, नोंदवह्या व फिरती यांतून बाळंतपणासाठी किती वेळ उरत असे, हा प्रश्न आहे. कुटुंबनियोजन मोहिमेच्या दिवसांत तिच्याकडे जावयाचे म्हणजे शस्त्रक्रियेचा आग्रह ऐकावयाचा, अशी समजूत होऊन काही स्त्रिया उपकेंद्रापासून दूरच राहिल्या.

पारंपरिक दाईला शिकवून तिच्याच हातून सुरक्षित प्रसूती घडविण्याचा प्रयत्न १९७० नंतर देशभर झाला. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा व नाळेच्या टोकाला काहीही न लावणे ही पाच पथ्ये दाईंना शिकविण्यात आली. कोरे पाते व दोरा असलेली पेटी त्यांना देण्यात आली. त्या जोडीला गर्भवतींना धनुर्वाताची लस मिळू लागली. नवजात धनुर्वाताच्या बाबतीत या उपायांना मोठे यश आले. भारताने माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन केल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. रक्तस्राव व अडलेली प्रसूती यांवर मात्र पाते-दोऱ्याचा उपयोग नव्हता. परिणामी, दाईला शिकविण्याऐवजी प्रत्येक प्रसूती आरोग्यसंस्थेत आणावी, असा धोरणाचा कल झाला. निर्णय वैद्यकीय दृष्ट्या समर्थनीय होता. पण दाईला दूर सारताना तिच्या ओळखीचा, भाषेचा आणि विश्वासाचा उपयोग करून घेण्याची संधीही दवडली गेली, असे म्हणावे लागते.

मुरबाड व शहापूर तालुक्यांतील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली या जमातींत घरची प्रसूती अधिक काळ टिकली. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतचे अंतर चालत किंवा बांबूला बांधलेल्या झोळीतून कापावे लागे. ओढ्याला पूर असला तर तेही नाही. आदिवासी क्षेत्रातील माता-बालमृत्यू कमी करण्यासाठी राज्य शासनाने १९९५ मध्ये नवसंजीवन योजना सुरू केली, ती याच पार्श्वभूमीवर. कातकऱ्यांची स्थिती आणखी निराळी आहे. भातकापणीनंतर ही कुटुंबे कल्याण-भिवंडीच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्यापर्यंत तेथे राहतात. मालकाकडून आधीच उचल घेतलेली असते. जोडीदार म्हणजे नवराबायको मिळून विटा पाडतात. बायको निजली तर त्या दिवसाच्या विटा कमी भरतात. गावच्या परिचारिकेच्या यादीत त्या गर्भवतीचे नाव असते, पण ती गावात नसते. भट्टीजवळच्या आरोग्य केंद्राला ती आपली वाटत नाही. शहरातील मोठे रुग्णालय पाच-सात किमी. अंतरावर असूनही भट्टीवरील झोपडीत मूल जन्माला येते, ते यामुळे. अंतर हे केवळ किलोमीटरांत मोजण्याची गोष्ट नव्हे, याचे हे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय.

निर्णय कोण घेते : प्रसूतिस्थानाची निवड ‘मातेची निवड’ म्हणून सांगितली जात असली, तरी व्यवहारात तीत आईचा शब्द बहुधा शेवटचा नसतो. सासू, नवरा, पहिल्या खेपेस माहेरची आई आणि वाहनाचे पैसे ज्याच्या हाती असतील तो, असे अनेक जण त्यात असतात. घरी तीन मुले सुखरूप झालेल्या सासूला चौथ्यासाठी रुग्णालय अनावश्यक वाटते. पहिलटकरणीला रुग्णालयात नेणारी कुटुंबेही तिसऱ्या-चौथ्या खेपेस घरीच थांबतात, कारण कळा लवकर उरकतात आणि थोरल्या मुलांना कोणाकडे ठेवावे हा प्रश्न असतो. मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००५–०७ या काळात झालेल्या एका मोठ्या पाहणीत दहा हजारांहून अधिक जन्मांपैकी सु. १६ टक्के घरी झाल्याचे आढळले. महानगराच्या मध्यात, मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांच्या सावलीत हे घडत होते. रूढी आणि वेळेत पोहोचता न येणे ही कारणे तेथे वारंवार सांगितली गेली. ठाण्याचे कळवा-मुंब्रा व कल्याणच्या टेकडीउतारावरील वस्त्या यांची घडण मुंबईतील या वस्त्यांहून फार भिन्न नाही.

रुग्णालयातील वागणूक हे तितकेच महत्त्वाचे, पण अहवालांत क्वचित उमटणारे कारण आहे. कळा देताना ओरडल्याबद्दल मिळालेले बोलणे, एका खाटेवर दोघी, सोबतच्या बाईला दाराबाहेर उभे करणे, ‘नाव का घातले नाही’ म्हणून झालेली खरडपट्टी, हे अनुभव वस्तीत तोंडोतोंडी पसरतात. एका बाईचा असा अनुभव दहाजणींचे मन वळवितो. याउलट घरी सुईण कितीही असमर्थ असली, तरी ती हात धरून बसते.

तातडीच्या प्रसंगी मृत्यू का ओढवतो, याचे विवरण थॅडीअस व मेन या अभ्यासिकांनी १९९४ मध्ये ‘तीन विलंबां’च्या रूपाने केले : नेण्याचा निर्णय घेण्यास होणारा विलंब, पोहोचण्यास होणारा विलंब आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यास होणारा विलंब. ठाणे-कल्याणमध्ये पहिले दोन विलंब पुष्कळ घटले. जननी सुरक्षा योजना (२००५) सुरू होऊन दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती व जमातींच्या स्त्रियांना संस्थेतील प्रसूतीसाठी अनुदान मिळू लागले. महाराष्ट्रात ते ग्रामीण भागात ७०० व शहरी भागात ६०० रुपये ठरविण्यात आले. आशा स्वयंसेविका गर्भवतीला स्वतः सोबत करू लागली. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने (२०११) शासकीय संस्थांतील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, आहार व ने-आण विनामूल्य केली. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. यांपैकी रोख रकमेपेक्षा सोबत आणि वाहन यांचाच परिणाम अधिक झाला असावा. सहाशे रुपयांसाठी कोणी रुग्णालयात जात नाही. पण रात्री दोन वाजता फोन केल्यावर दाराशी गाडी येणार असेल, तर जाते. जन्माच्या दाखल्याचीही ओढ आहेच. शाळाप्रवेशापासून आधारपत्रापर्यंत सर्वत्र दाखला लागू लागल्यावर रुग्णालयातून आपोआप होणारी नोंद ही कुटुंबाच्या दृष्टीने मोठी सोय ठरली.

तिसरा विलंब मात्र शिल्लक आहे, आणि घर की रुग्णालय या जुन्या प्रश्नाची जागा आता कोणते रुग्णालय या प्रश्नाने घेतली आहे. रक्तपेढी, भूलतज्ञ व नवजात अतिदक्षता कक्ष यांची चोवीस तास सोय नसलेल्या संस्थेतून गुंतागुंतीची प्रसूती वर पाठविली जाते : मुरबाड वा शहापूरहून उल्हासनगर, कल्याण वा ठाणे, तेथून कळवा, आणि वेळप्रसंगी मुंबईतील शीव, परळ वा भायखळा. प्रत्येक टप्प्यावर कागद, रुग्णवाहिका व वाहतुकीची कोंडी यांत वेळ जातो. रक्तस्रावात आईपाशी असलेला वेळ दोन तासांच्या आसपास असतो, हे लक्षात घेता या साखळीचे गांभीर्य ध्यानात येईल. अशी स्त्री कागदोपत्री संस्थेतच प्रसूत झालेली असते. तिचा मृत्यू गृहप्रसूतीच्या आकड्यात दिसत नाही. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१८–२० मध्ये महाराष्ट्रातील मातामृत्यूंचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ व भारताचे ९७ होते. भोर समितीच्या अंदाजाशी तुलना करता ही प्रगती विलक्षण आहे. पण उरलेल्या मृत्यूंपैकी पुष्कळ टाळता येण्याजोगे असतात व त्यांतील अनेकांची सुरुवात एखाद्या रुग्णालयाच्या दारात झालेली असते.

खाजगी क्षेत्रातील अडचण वेगळी. महाराष्ट्रात शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतींचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सु. २० टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये सु. २५ टक्क्यांवर गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८५ च्या मतानुसार दहा ते पंधरा टक्क्यांहून अधिक शस्त्रक्रियांना वैद्यकीय समर्थन नाही. शस्त्रक्रियेचे भय व खर्च यांमुळे डोंबिवली-ठाण्यातील काही सुशिक्षित जोडपी पुन्हा नैसर्गिक प्रसूतीचा, क्वचित घरच्या प्रसूतीचाही, विचार करताना दिसतात. नेदर्लंड्समध्ये प्रशिक्षित सुईणींच्या देखरेखीखालील गृहप्रसूतीची परंपरा टिकून आहे, तर ब्रिटनमध्ये १९७० च्या पील अहवालाने सर्वच प्रसूती रुग्णालयात व्हाव्यात अशी शिफारस केली होती. भारत सरकारने २०१८ मध्ये परिचारिकांमधून तज्ञ प्रसविका घडविण्यासाठी मार्गदर्शक सूत्रे काढली. नेदर्लंड्सचे उदाहरण देताना तेथील सुईणीचे अनेक वर्षांचे शिक्षण आणि मिनिटांत पोहोचणारी रुग्णवाहिका यांचा उल्लेख सहसा राहून जातो.

आकडेवारीविषयी : जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार (१९६९) जन्म जेथे घडला तेथे नोंदविला जातो. त्यामुळे शहापूरच्या पाड्यावरील स्त्री कल्याणमध्ये बाळंत झाली, तर तो जन्म कल्याणच्या नोंदवहीत पडतो आणि शहराचे संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण फुगते. उलटपक्षी, डोंबिवलीतील अनेक स्त्रिया पहिल्या बाळंतपणासाठी रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर वा उत्तर प्रदेशात जातात. त्यांची काळजी घेणारी व्यवस्था येथील आणि प्रसूती तेथील, अशी फोड होते. माहेरची ही ओढ शेवटच्या महिन्यांतील प्रवासाचा धोकाही ओढवून घेते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकलेल्या मुंबई-कोल्हापूर महालक्ष्मी एक्सप्रेसमधून सु. एक हजार प्रवाशांची सुटका झाली, त्यांत नऊ गर्भवती स्त्रिया होत्या. त्या सर्व माहेरी चालल्या होत्या असे नव्हे. परंतु एका गाडीत इतक्या गर्भवती असाव्यात, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. मध्य रेल्वेच्या स्थानकांवर २०१७ पासून सुरू झालेल्या एक रुपयात तपासणीच्या दवाखान्यांत, विशेषतः ठाणे स्थानकात, रुग्णालय गाठण्यापूर्वीच लोकलमध्ये कळा सुरू झालेल्या स्त्रियांच्या प्रसूती झाल्या आहेत. घर आणि रुग्णालय या दोनच रकान्यांत न बसणारे हे जन्म या परिसराचे वैशिष्ट्य म्हणता येतील. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे लोकल बंद झाल्या, काही महापालिका रुग्णालये साथीच्या रुग्णांसाठी राखली गेली व अनेक लहान प्रसूतिगृहांनी दारे लावून घेतली. तेव्हा नाव घातलेले रुग्णालय असूनही ऐन वेळी दुसरे शोधण्याची पाळी कित्येक कुटुंबांवर आली.

प्रसूती रुग्णालयात गेली, तरी बाळंतपण मात्र घरीच राहिले आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी आलेल्या बाळंतिणीला व बाळाला तेल लावून न्हाऊ घालण्यासाठी डोंबिवली, कल्याण व ठाणे येथे सव्वा महिना रोज सकाळी एक बाई ठरविली जाते. सहनिवासातल्या वरच्या मजल्यांवर निखाऱ्यांची शेगडी पेटविणे सोसायटीला चालत नाही. म्हणून शेक विजेच्या शेगडीवर कापड तापवून देतात, आणि धुरीचा धूर होऊ नये म्हणून ती खिडकीशी धरतात. न्हाऊ घालणाऱ्या या बायकांपैकी थोरल्या वयाच्या काहींच्या आया किंवा सासवा गावी सुइणी होत्या. आता त्यांना मूल घेता येत नाही आणि कोणी ते घेऊ देतही नाही. बाळाच्या नाळेची खपली पडेपर्यंत तिला हात लावायचा नाही, हे रुग्णालयाने घालून दिलेले पथ्य मात्र त्या कसोशीने पाळतात.